भिंतीमागचा माणूस

मावल्यात लग्न निघालं की आचारी आणि मांडवाच्या जोडीनंच एक प्रश्न विचारला जातो, "डीजे कोणता सांगितला?" उत्तरात माणसाचं नाव येत नाही. बेस किती, टॉप किती, जनरेटर सोबत आहे का, लाइट धरून भाडं किती, एवढंच बोलणं होतं. संध्याकाळी गाडी येते. तिच्यावर काळ्या खोक्यांची भिंत रचलेली असते. पोरं लांबूनच ओरडतात, "डीजे आला!"

आदिलाबाद शहराला दक्षिणेकडून खेटून असलेलं हे गाव. २०१६ साली तेलंगणात जिल्ह्यांची आणि मंडलांची फेररचना झाली, तेव्हा ते मंडलाचं ठिकाण झालं. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच खाली हैदराबादकडे जातो. उलट दिशेनं निघालं की पैनगंगेचा पूल लागतो, आणि पुलापलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते पलीकडे गेले, पण सोयरिकी, कापसाचा बाजार आणि बोली यांच्यात कुठलीच रेघ पडली नाही. पाट्या तेलुगूत, घरात मराठी, बाजारात दोन्ही, आणि आसपासच्या गुड्यांमध्ये, म्हणजे गोंडांच्या वस्त्यांमध्ये, गोंडी, अशी इथली रीत आहे. 'डीजे' हा शब्द मात्र तिन्ही भाषांत एकच, आणि तिन्ही भाषांत त्याचा अर्थ भिंत असाच आहे.

मराठीत हा अर्थ गेल्या दोन-अडीच दशकांत पक्का झाला. डीजे लावला, डीजे वाजला, डीजे जप्त झाला, डीजेमुक्त मिरवणूक. या सगळ्या वाक्यांतून वाजवणारा माणूस हद्दपार झालेला आहे. भिंतीमागे लॅपटॉप घेऊन उभा असलेला पोरगा 'ऑपरेटर' म्हणून ओळखला जातो. लग्नपत्रिकेत केटररचं नाव येतं, फोटोग्राफरचं येतं, याचं येत नाही.

मूळ शब्द माणसाचाच होता. डिस्क जॉकी म्हणजे तबकड्या वाजवणारा. घोड्यावर जसा स्वार तसा तबकडीवर हा. आणि जगात आजही असे काही स्वार आहेत, वयानं साठीकडे झुकलेले, जे दोन-तीनशे माणसांच्या खोलीत रात्री दहा-अकराला उभे राहतात आणि उजाडेपर्यंत ती खोली हातात धरून ठेवतात. अशा रात्रीत नेमकं काय घडतं, हे समजून घेतलं की मावल्याच्या मांडवात काय हरवलंय तेही कळतं. आणि मावल्याच्या आजूबाजूला काय अजून शाबूत आहे, तेही.

या गोष्टीची सुरुवात शिकागोत होते. १९७७ साली तिथे 'वेअरहाउस' नावाचा क्लब उघडला. फ्रँकी नकल्स हा न्यूयॉर्कहून आलेला तरुण तिथे वाजवू लागला. येणारी बहुतेक माणसं काळी आणि लॅटिनो, त्यातही समलिंगी, म्हणजे शहरानं इतर कुठे फारसं उभं न केलेली. डिस्कोच्या तबकड्या तो लांबवायचा, तोडायचा, खाली तालयंत्राचा ठोका घालायचा. 'वेअरहाउसमध्ये वाजतं ते संगीत' म्हणता म्हणता नाव उरलं 'हाउस'. चार मात्रांचा ठेका, चारही मात्रांवर सारखाच आघात, मिनिटाला साधारण १२० ठोके. आपल्या भजनी मंडळातला कुणीही पखवाजवाला म्हणेल की यात अवघड काय आहे. अवघड ठेक्यात नाहीच. ठेका जितका साधा, तितकं त्याच्यावर बरंच काही रचता येतं.

हाउस इंग्लंडला पोहोचलं आणि तिथे त्याला फाटे फुटले. गाण्याचे शब्द कमी, सुरावट लांब, हळूहळू चढत जाणारी बांधणी, असा एक फाटा १९९२ च्या सुमारास ठळक झाला. 'मिक्समॅग' या मासिकात डॉम फिलिप्स या तरुण पत्रकारानं त्याला नाव दिलं 'प्रोग्रेसिव्ह हाउस'. या फिलिप्सकडे पुढे परत यायचंच आहे.

त्याच १९९२ च्या मार्चमध्ये मॅन्सफील्ड नावाच्या कोळसाखाणींच्या गावात 'रेनेसान्स' हा क्लब सुरू झाला. लंडन नाही, मँचेस्टर नाही, खाणी बंद पडत चाललेलं एक गाव. तिथे साशा नावाचा वेल्समध्ये जन्मलेला तरुण वाजवत होता. हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावातून जॉन डिगवीड नावाच्या पंचविशीतल्या पोरानं आपली कॅसेट धाडली. ती ऐकून त्याला बोलावलं गेलं. दोघांची जोडी जमली. १९९४ मध्ये दोघांनी मिळून तीन सीडींचा संच काढला, १९९६ मध्ये 'नॉर्दर्न एक्स्पोजर'. मग न्यूयॉर्कच्या 'ट्वायलो' क्लबमध्ये महिन्यातला एक शुक्रवार त्यांचा ठरला, तो २००१ साली क्लब बंद होईपर्यंत. डिगवीडचा जन्म १९६७ चा. तो अजून वाजवतो. मोठ्या मैदानांवरही वाजवतो, पण त्याचं खरं काम ऐकायचं तर छोट्या खोलीत, पूर्ण रात्रीच्या बैठकीत ऐकावं लागतं. त्याच्या प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांमध्ये अशा सलग रात्रींचे संच बरेच आहेत. कॅनडातल्या माँट्रियल शहराच्या 'स्टिरिओ' क्लबमध्ये त्यानं ११ तास वाजवलेली एक रात्र अनेक सीडींच्या संचात निघाली आहे. हा क्लब मध्यरात्रीनंतर उघडतो आणि तिथे दारू विकली जात नाही. क्लब म्हटलं की ज्यांच्या डोळ्यांपुढे फक्त बाटली येते, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. ११ तास लोक तिथे पाण्यावर आणि तालावर उभे असतात.

आता त्या टेबलाजवळ जाऊन बघू.

समोर दोन यंत्रं, मध्ये मिक्सर. पूर्वी तबकडीची यंत्रं असायची, टेक्निक्स कंपनीची एसएल-१२००, बाजारात १९७२ साली आलेली. आता बहुधा पायोनियरची सीडीजे असतात, त्यांत पेनड्राइव्ह लागतो. साधन बदललं, हाताची कामं तीच राहिली. एक तुकडा खोलीत वाजतोय. दुसरा फक्त त्याच्या एका कानात, हेडफोनमधून. दुसरा कान उघडा, खोलीकडे. कानातला तुकडा मिनिटाला १२४ ठोक्यांचा आहे आणि बाहेरचा १२२ चा, तर सरकपट्टी बोटानं जराशी वर ढकलून दोघांची चाल एक करायची. मग बत्तीस ठोक्यांचा हिशेब. या संगीतात बहुतेक बदल आठ-आठ आवर्तनांनी, म्हणजे ३२ मात्रांनी येतात. १२२ च्या लयीत ३२ मात्रांना सोळाएक सेकंद लागतात. त्या समेवर नवा तुकडा सोडायचा, पण त्याचा खर्ज कापून. दोन तुकड्यांचे खर्ज एकत्र वाजले की खोलीत चिखल होतो. आधी फक्त वरची झांज, कुणाच्या लक्षातही येणार नाही इतकी. पुढच्या आवर्तनात मधले स्वर. मग एका समेवर जुन्याचा खर्ज काढायचा आणि त्याच क्षणी नव्याचा भरायचा. पायांना धक्का बसत नाही, पण शरीराला कळतं की जमीन बदलली. इतर प्रकारांत हा सांधा काही सेकंदांत उरकतात. प्रोग्रेसिव्ह हाउसमध्ये तो दोन-तीन मिनिटं चालतो, आणि त्या दोन-तीन मिनिटांत जे वाजतं ते त्या दोनपैकी एकाही रचनेत नसतं. ते त्या रात्रीपुरतं असतं.

प्रत्येक तुकडा सरासरी ६ मिनिटं वाजला असं धरलं तर ८ तासांत ८० तुकडे होतात. एकोणऐंशी सांधे. यांतला एक विसविशीत झाला तरी नाचणारे घड्याळाकडे बघतात.

हे झालं हातांचं. डोळ्यांचं काम याहून मोठं. पहिला तासभर नाचायला कुणी नसतं. भिंतीला टेकून उभी माणसं, कोट काढणारी, ओळखीचं कुणी शोधणारी. तिथे चढं काही वाजवलं तर रात्र तिथेच संपते. म्हणून जाणता वाजवणारा पहिल्या तासात जवळजवळ काहीच वाजवत नाही. संथ लय, रिकाम्या जागा, ओळखीची चाल नाही. लोकांनी बोलावं एवढाच आवाज. मग कोपऱ्यातल्या दोघी पाय हलवू लागतात, त्या दोघींवर तो पुढचा अर्धा तास रचतो. दोनशे माणसांच्या खोलीत चेहरे दिसतात, म्हणून हे जमतं. वीस हजारांच्या मैदानात दिसतो तो फक्त अंधार आणि हात. आपल्याकडे सनबर्न गोव्यात कांदोळीला २००७ साली सुरू झालं आणि २०१६ मध्ये पुण्याजवळच्या केसनंदला आलं. अशा महोत्सवांत एकेका कलाकाराला तास-दीड तास मिळतो. तास-दीड तासात चढाच सूर लावावा लागतो, तिथे आलाप बसत नाही. महोत्सव वाईट म्हणायचं कारण नाही. पण महोत्सव बघून डीजेची कला जोखणं म्हणजे स्नेहसंमेलनातली तीन मिनिटांची बंदिश ऐकून ख्याल जोखण्यासारखं आहे.

अर्जेंटिनाचा हर्नान कात्तानेओ हा याच पिढीचा, जन्म १९६५ चा. तोही लांब रात्रींसाठी ओळखला जातो. २०१८ मध्ये त्यानं ब्वेनोस आयरेसच्या तेआत्रो कोलोन या ऑपेरागृहात वाद्यवृंदाला सोबत घेऊन कार्यक्रम केले. हा मान त्याला पंचविशीत मिळाला नाही. क्लबच्या कोपऱ्यात रात्रीमागून रात्री उभं राहून, पन्नाशी ओलांडल्यावर मिळाला.

मराठी मुलखाला या संगीताशी आपलं काही देणंघेणं नाही असं वाटत असेल, तर मुंबईत वळावं लागतं.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. जन्म १९४० चा. गिटार, बास, पुढे सिंथेसायझर, जे हातात येईल ते वाजवणारे. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ध्वनिमुद्रणांत ते बसत. चित्रपटगीतांच्या वाद्यावरच्या तबकड्याही त्यांनी काढल्या होत्या. अशा वादकाचं नाव तबकडीच्या पाठीवरही क्वचित यायचं. १९८२ मध्ये त्यांनी एचएमव्हीसाठी एक वेगळीच तबकडी केली. तीन जपानी यंत्रं घेतली, तिन्ही रोलँड कंपनीची : टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. आणि दहा राग वाजवले. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. खाली डिस्कोचा अखंड ठोका. तबकडीच्या नावात 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' असे शब्द होते.

ती खपली नाही.

टीबी-३०३ चंही तेच झालं होतं. एकट्या गिटारवाल्याला साथीला बास हवा म्हणून काढलेलं हे चंदेरी रंगाचं छोटं खोकं. त्याचा आवाज खऱ्या बाससारखा नव्हता. १९८४ पर्यंत कंपनीनं ते बनवणंच बंद केलं. मग ते अमेरिकेत जुन्या सामानाच्या दुकानांतून स्वस्तात मिळू लागलं. शिकागोच्या फ्यूचर या तिघांच्या गटानं त्याच्या कळा फिरवता फिरवता एक चिरका, वळवळणारा आवाज काढला. १९८७ मध्ये त्यांची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी आली आणि 'अ‍ॅसिड हाउस' हा प्रकार जन्माला आला, असं जग मानून चाललं. पाच वर्षं आधी मुंबईत एका चित्रपट-वादकानं तेच यंत्र, त्याच पद्धतीनं, रागांसाठी वापरलं होतं, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

एदो बाउमन या डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीच्या एका दुकानात ती तबकडी सापडली. ती ऐकून तो हबकला. पुढे त्यानं मुंबईत चरणजितना गाठलं, आणि २०१० मध्ये त्याच्या 'बॉम्बे कनेक्शन' या संस्थेनं तबकडी पुन्हा काढली. जगभरच्या संगीत-मासिकांत वाद झडले. अ‍ॅसिड हाउसचा खरा जनक कोण? या वादात फारसा अर्थ नाही. शिकागोच्या पोरांनी चरणजितना ऐकलं नव्हतं, चरणजितना शिकागोशी काही सिद्ध करायचं नव्हतं. ऐकावं ते वेगळंच. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. पाश्चात्त्य वादकाला ती गंमत वाटली. सतार-सारंगी ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे मींड दिसली. म्हणून त्या यंत्रावर त्यांनी वाजवलेला ललत पहाटेचाच वाटतो.

आणि मग सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपच्या क्लबांमधून हे वाजवू लागले. समोर नातवंडांच्या वयाची पोरं, टेबलावर तीच तीन यंत्रं. ३० वर्षं कपाटात पडून राहिलेलं काम त्यांनी अशा खोल्यांत उभं राहून लोकांच्या पायांपर्यंत पोचवलं. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत ते गेले. महाराष्ट्रात राहून गेलेल्या या माणसावर मराठीत किती लिहिलं गेलं, हा प्रश्न मराठी संगीतलेखकांनी स्वतःला विचारायला हवा.

पूर्ण रात्र बांधणं ही गोष्ट मराठी कानाला नवी कधीच नव्हती. गोंधळ रात्रभर चालायचा. सात दिवसांच्या सप्ताहात वीणा खाली ठेवत नसत. पुण्यात भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षं रात्रभर रंगायचा, आणि शेवटचा गवई उजाडताना भैरवी म्हणायचा. मैफलीचा बुजुर्ग गवईसुद्धा आधी खोली बघायचा. समोर कोण बसलंय, किती थकलंय, पान खाऊन कोण परत आलंय. त्यावर पुढचा राग ठरायचा.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. सवाईच्या रात्री गेल्या, त्यांच्याबरोबर मध्यरात्रीनंतरचे रागही मंडपातून गेले. हे नुकसान मोठं आहे. तरीही नियम बरोबर आहे, कारण तो भिंतीसाठी करावा लागला. ८५ डेसिबलचा आवाज माणसाचा कान ८ तास सोसू शकतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, आणि १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मिरवणुकीतल्या भिंतीपुढे बाप खांद्यावर लेकरू घेऊन नाचतो, तेव्हा त्या लेकराचे कान याच हिशेबात असतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली क्लब आणि मैफलींसाठीही मर्यादा सुचवली : १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि कानांना विसावा द्यायला शांत जागा असावी. चांगला डीजे हे नियम येण्याआधीपासून जाणतो. त्याला आवाज चढवायला पुढे जागा ठेवायची असते. सुरुवातीलाच कळ शेवटपर्यंत फिरवली की हातात काही उरत नाही.

मावल्याहून दिवाळीच्या दिवसांत पूर्वेला उटनूर, जैनूरकडे निघालं की भिंती मागे पडतात आणि ढोल ऐकू येतात.

अश्विन पौर्णिमेला जोडेघाटला गोंड लोक जमतात. १९४० साली निजामाच्या पोलिसांशी लढताना कुमरम भीम याच तिथीला तिथे पडला, जल-जंगल-जमिनीवरचा हक्क मागता मागता. त्या पौर्णिमेनंतर दंडारीचे दिवस सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत चालतात. एका गावाचा ताफा दुसऱ्या गावाला पाहुणा जातो. गावचा पटेल सामोरा येतो, रात्री जेवण होतं, आणि मग नाच. ढोल, डफ, गुमेला, शहनाईच्या जातीची पेपरे, लांब तुतारीसारखं कालिकोम. वाजवणाऱ्यांत परधान असतात. गोंडांच्या वंशांच्या कथा पिढ्यान् पिढ्या तोंडी सांभाळणारे हेच लोक. वाद्यांची आधी पूजा होते, एत्मासूर देवाच्या नावानं.

आणि मग घुसाडी उतरतात. किनवट-माहूरकडच्या मराठी माणसाला हा शब्द ओळखीचा आहे. डोक्यावर मोरपिसांचा भलाथोरला टोप, त्याला शिंगं बांधलेली, अंगाला राख आणि काळे ठिपके, खांद्यावर कातडं, कमरेला घुंगरं, हातात काठी. मोरपिसं वर्षानुवर्षं जमवलेली, टोप जपून ठेवलेला. एकदा ही भूमिका अंगावर घेतली की दंडारी संपेपर्यंत अंघोळ करायची नाही, कारण त्या दिवसांत तो माणूस देवाचा असतो. दिवाळीनंतर 'कोलाबोडी' होते, पूजा करून वेश उतरतो, आणि शेतकरी परत शेतकरी होतो.

अंगणात पन्नास-शंभर माणसं. ढोलवाला सुरुवातीला ताल पसरट ठेवतो. म्हातारे बाजेवर, लेकरं आईला बिलगलेली. गोल फिरणारे पाय जमू लागले की ढोलाचा ताल दाट होतो, बारीक होतो. ढोलवाल्याची नजर वाद्यावर नसते, ती नाचणाऱ्यांच्या पायांवर असते. पाय जड झाले की लय उतरते, पेपरे एकटी वाजते, कुणी पाणी पितं. मग परत चढ. माँट्रियलच्या क्लबमध्ये डिगवीड हेच करतो. त्याच्याकडे पेनड्राइव्ह आहे, इथे ढोलाचं कातडं. डोळ्यांचं काम एकच.

या कलेचे बुजुर्ग होते कनक राजू. गाव मारलवाई, आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात. हे गाव साधं नाही. जोडेघाटनंतर निजाम सरकारनं गोंडांची स्थिती तपासायला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. तो १९४० च्या दशकात याच मारलवाईत राहिला. गोंडी मुलांना गोंडीतून शिकवणारे शिक्षक तयार करायचं काम तिथे सुरू झालं. त्याची पत्नी बेट्टी १९८७ साली वारली, तिची समाधी मारलवाईत आहे. नंतर त्याच्याही अस्थी तिच्याशेजारी ठेवल्या गेल्या.

राजूंनी घुसाडी गावाबाहेर नेला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा ताफा दिल्लीत इंदिरा गांधींसमोर नाचला. पुढे ४० वर्षं त्यांनी पोरांना शिकवलं : टोप कसा पेलायचा, राख कशी लावायची, पाऊल कुठे थांबवायचं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी ते गेले. त्या वर्षीची दिवाळी सहा दिवसांवर होती आणि गुड्यांमध्ये दंडारी चालूच होती.

आता डॉम फिलिप्स. प्रोग्रेसिव्ह हाउसला नाव देणारा हा माणूस पुढे 'मिक्समॅग'चा संपादक झाला, डीजेंच्या त्या काळावर त्यानं पुस्तकही लिहिलं. २००७ मध्ये तो ब्राझीलला गेला आणि तिथलाच झाला. हळूहळू त्याच्या लेखणीतून क्लब मागे पडले आणि अ‍ॅमेझॉनचं जंगल आलं. 'गार्डियन'साठी तो तिथल्या आदिवासींच्या जमिनींवर, बेकायदा खाणी आणि मासेमारीवर लिहू लागला. ५ जून २०२२ रोजी झावारी खोऱ्यात, नदीतून परतताना, आदिवासी-तज्ज्ञ ब्रुनो परेरासह त्याचा खून झाला. त्याचं अ‍ॅमेझॉनवरचं पुस्तक अर्धं राहिलं होतं. मित्रांनी ते पुरं करून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. तरुणपणी ज्यानं रात्रभर नाचणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं, तो शेवटी जंगल राखणाऱ्या लोकांबद्दल लिहिताना मेला. या दोन कामांत अंतर आहे असं मॅन्सफील्डहून बघताना वाटेल. जोडेघाटच्या पौर्णिमेहून दंडारीच्या अंगणात येणाऱ्याला ते वाटणार नाही.

मावल्याच्या मांडवात परत यायचं तर भिंतीमागच्या पोराकडे बघायला हवं. तो अठरा-वीस वर्षांचा असतो. लॅपटॉपवर त्यानं स्वतः जोडलेली गाणी असतात : तेलुगू तीनमारचा ठोका, मराठी कोळीगीत, हिंदीतलं जुनं काहीतरी. ही जोडणी तो एकटा, कुणी न शिकवता शिकलेला असतो. कोणत्या गाण्यावर वरपक्ष उठतो आणि कोणत्या गाण्यावर मामा, हे त्याला दोन तासांत कळलेलं असतं. म्हणजे कलेचं अर्धं अंग त्याच्यात आहे. उरलेलं अर्धं म्हणजे हलक्या आवाजात सुरुवात करायची मोकळीक, खोली चढू देण्याचा वेळ आणि चूक सांगणारा कुणी जाणता. ते द्यायचं काम भाडं देणाऱ्यांचं आहे. दोन बेस कमी सांगा. पहिला तास त्याला त्याच्या मनासारखा वाजवू द्या. आणि पत्रिका छापायला देताना केटररच्या खाली एक ओळ मोकळी ठेवून त्या पोराचं नाव विचारून घ्या.